लिस्टमध्ये वस्तू नसतात, पत्ते असतात

माझा भाचा गोव्यात डिचोलीला अकरावीत शिकतो. गावच्या जत्रेतल्या नाटकाच्या तालमी सुरू झाल्या तशी त्याने हजेरीची वही बाजूला ठेवली आणि पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत छोटासा प्रोग्रॅम लिहायला घेतला. पात्रं पाच, ठरलेल्या तालमी तीन. पहिल्याच रात्री साडेदहाला त्याचा फोन आला. "मामा, आजच्या तालमीला फक्त नारदाची हजेरी लावली, तर तो तिन्ही तालमींना हजर दाखवतोय. दोन तालमी तर अजून व्हायच्या आहेत!"

त्याने लिहिलं होतं ते असं:

हजेरी = [[०] * ५] * ३
हजेरी[०][१] = १

पहिल्या कंसात तालमीचा क्रमांक, दुसऱ्यात पात्राचा, दोन्हींची मोजणी शून्यापासून; १ म्हणजे हजर. आणि छापून आलं ते असं:

[[०, १, ०, ०, ०], [०, १, ०, ०, ०], [०, १, ०, ०, ०]]

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो. पायथन ३ मध्ये 'हजेरी' असं देवनागरी नाव बिनदिक्कत चालतं. आकडे मात्र प्रोग्रॅममध्ये इंग्रजी कळफलकावरचेच लागतात. वाचायला सोपं जावं म्हणून ते इथे मराठीत दिले आहेत. गंमत म्हणजे कोणी अवतरणात "१२" असं मराठीत टाइप केलं आणि ते मजकुरातून पूर्णांक काढणाऱ्या इंट या फंक्शनला दिलं, तर पायथन त्याचा बारा हा आकडा बरोबर ओळखतो.

आता नारदाकडे वळू. चौकटी कंसात मांडलेल्या अशा यादीला पायथनमध्ये लिस्ट म्हणतात. लिस्ट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे खणांचा डबा येतो. पहिल्या खणात बांगडा, दुसऱ्यात इसवण, तिसऱ्यात तारली. शिकवणारेही बहुधा असंच सांगतात, आणि सुरुवातीचे चार दिवस त्यावर निभावतं. पण हे चित्र खरं नाही. खणात मासा नसतो, मासा कुठे ठेवलाय त्याची चिठ्ठी असते. संगणकाच्या मेमरीत प्रत्येक वस्तू आपापल्या जागी असते आणि लिस्ट म्हणजे त्या जागांच्या पत्त्यांची ओळीने लावलेली रांग. आजच्या ६४ बिटी संगणकावर असा एक पत्ता ८ बाइट जागा घेतो. वस्तू मोठी असो की लहान, खण तेवढाच. म्हणूनच एकाच लिस्टमध्ये आकडा, नाव आणि आणखी एक अख्खी लिस्टसुद्धा शेजारी शेजारी राहू शकते.

एवढं मनात बसलं की नवशिक्यांना छळणाऱ्या निम्म्या कोड्यांचा उलगडा होतो. समजा लिहिलं:

पात्रे = ["सूत्रधार", "नारद", "राजा"]
नवी = पात्रे

दुसऱ्या ओळीने नवी लिस्ट तयार होत नाही. एकाच घराला दुसरी पाटी लागते, इतकंच. आता 'नवी'मध्ये अपेंड ही शेवटी भर घालणारी मेथड (म्हणजे लिस्टचं स्वतःचं फंक्शन) वापरून विदूषक घातला, तर 'पात्रे' छापल्यावरही विदूषक दिसणारच. वेगळी प्रत हवी असेल तर ती मागावी लागते: नवी = पात्रे[:] असं लिहा, नाहीतर कॉपी ही मेथड वापरा.

भाच्याच्या हजेरीत नेमकं हेच झालं होतं. आतल्या [०] * ५ ने पाच शून्यांची एक ओळ तयार केली. बाहेरच्या * ३ ने ओळ तीनदा केली नाही, तिचा पत्ता तीनदा लिहिला. तालमी तीन दिसत होत्या, ओळ एकच होती. मी त्याला आयडी हे फंक्शन वापरायला सांगितलं. ते प्रत्येक वस्तूचा ओळख क्रमांक देतं, आणि नेहमीच्या पायथनमध्ये तो क्रमांक म्हणजे मेमरीतला पत्ताच असतो. त्याने तिन्ही ओळींचे क्रमांक छापले. तोच लांबलचक आकडा तीनदा. फोनवर क्षणभर काहीच ऐकू आलं नाही, मग तो म्हणाला, "म्हणजे मी एकाच पानावर तीन तारखा घातल्या!"

लगेच त्याचा पुढचा प्रश्न आला, आणि तो मला फार आवडला. "मग आतली पाच शून्यंसुद्धा एकच शून्य असणार. एक बदललं की पाचही का बदलत नाहीत?" खरंच, तिथेही एकाच शून्याचा पत्ता पाचदा लिहिलेला असतो. पण आकडा ही पायथनमध्ये न बदलणारी वस्तू आहे. हजेरी[०][१] = १ म्हटल्यावर शून्य बदलून एक होत नाही. त्या खणातली जुनी चिठ्ठी काढून तिथे एकचा पत्ता ठेवला जातो. शेजारच्या चार चिठ्ठ्यांना कोणी हात लावत नाही. खणातली चिठ्ठी बदलणं वेगळं आणि चिठ्ठी ज्या घराकडे नेते त्या घरात बदल करणं वेगळं. लिस्ट शिकताना इथे पाहिजे तेवढा वेळ थांबावं, असं मला मनापासून वाटतं. घाईने पुढे गेलेली मुलं दोन महिन्यांनी याच ठेचेला परत येतात.

उपाय साधा आहे. रिकामी लिस्ट घ्यायची, तेच काम पुन्हा पुन्हा करणारा फॉर लूप तीनदा फिरवायचा आणि प्रत्येक फेरीत नवी [०] * ५ तयार करून अपेंड करायची. आता तीन फेऱ्या, तीन ओळी, तीन वेगळे पत्ते.

पहिल्या तालमीचा क्रमांक शून्य का, हे मात्र बहुतेक सगळेच विचारतात. देवळातल्या समाराधनेची पंगत डोळ्यांपुढे आणा. तुमचा क्रमांक कितवा असं न विचारता, तुमच्या आधी किती पानं मांडली आहेत असं विचारा. पहिल्या माणसाच्या आधी शून्य. लिस्टमधला क्रमांक हे त्या प्रश्नाचं उत्तर आहे, आणि संगणकाला तेच सोयीचं, कारण रांगेची सुरुवात माहीत असली की तितके खण ओलांडून तो थेट त्या जागी पोचतो. लाखाव्या खणापर्यंत जायलाही पहिल्याइतकाच वेळ. डच संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांनी १९८२ साली मोजणी शून्यापासून का असावी यावर छोटं टिपण लिहिलं होतं. सुरुवातीचा क्रमांक धरायचा आणि शेवटचा सोडायचा, ही रीत सर्वांत सरळ, असा त्यांचा युक्तिवाद. पायथन तीच पाळतो. पात्रे[१:३] म्हटलं की क्रमांक एक आणि दोन मिळतात, आणि तीन वजा एक बरोबर दोन जण, हिशेब तोंडी जुळतो. शेवटून मोजायचं असेल तर वजा एक म्हणजे शेवटचा.

पंगतीचंच आणखी थोडं. वाढपी एकेक माणूस आला की एकेक पान मांडत बसत नाही, चार पानं जास्तीची मांडून ठेवतो. पायथनची लिस्टही तेच करते. रिकाम्या लिस्टमध्ये पहिली वस्तू अपेंड केली की चार खणांची जागा घेतली जाते. पाचवी आली की आठ, नववी आली की सोळा, पुढे चोवीस, बत्तीस. हे पायथनच्या अलीकडच्या आवृत्त्यांमधले आकडे. लिस्ट वाढेल तसे जास्तीचे खणही वाढत्या प्रमाणात घेतले जातात, त्यामुळे जागा बदलण्याचे कष्ट क्वचितच पडतात आणि शेवटी भर घालणं सरासरीने फार स्वस्त पडतं. पंगतीच्या सुरुवातीला कोणी येऊन बसलं तर मात्र सगळ्यांनाच एकेक पान सरकावं लागतं. लाख नावांच्या लिस्टमध्ये इन्सर्ट वापरून अगदी पुढे एक नाव घातलं की लाख पत्ते सरकतात. पुढून काढतानाही तेच. दोन्ही टोकांना ये-जा असेल तर कलेक्शन्स या मोड्यूलमधला (पायथनसोबत येणाऱ्या तयार संचातला) डेक वापरावा, तो त्यासाठीच केलेला आहे.

या सरकण्यामुळे आणखी एक चूक होते. मासे = ["बांगडा", "तारली", "तारली", "कोळंबी"] अशी लिस्ट आहे आणि फॉर लूपमध्ये तिच्यावरून फिरता फिरताच तुम्ही तारली काढून टाकत आहात. क्रमांक एकची तारली गेली, दुसरी सरकून तिच्या जागी आली, पण लूप तोवर क्रमांक दोनकडे गेलेला असतो. दुसरी तारली तशीच राहते. प्रोग्रॅम चूक दाखवत नाही, म्हणून ही चूक जास्त वाईट. फिरायचं एका लिस्टवर आणि ठेवायच्या वस्तू दुसरीत गोळा करायच्या, हा खात्रीचा मार्ग.

क्रम लावण्याबद्दल थोडक्यात. सॉर्ट ही मेथड मूळ लिस्टच बदलते आणि हातात None, म्हणजे 'काहीच नाही', देते; सॉर्टेड हे फंक्शन मूळ लिस्ट न हलवता नवी देतं. या दोन्हींच्या मागे असलेली क्रम लावण्याची पद्धत टिम पीटर्स यांनी २००२ साली पायथनसाठी लिहिली. आधीच क्रमाने लागलेले तुकडे ओळखून ती ते जोडत जाते. गोव्याच्या बारा तालुक्यांची नावं देवनागरीत देऊन पाहा: काणकोण, केपे, डिचोलीपासून सत्तरी, सांगे, सासष्टीपर्यंत अगदी कोशातल्यासारखी लागतात. पण "केळे" आणि "केवडा" दिले तर केळे आधी येतं. आपल्या वर्णमालेत ळ हा ह च्या नंतर, तर युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या, तक्त्यात ल ला लागून, व च्या आधी. पायथन तक्त्यातले क्रमांक पाहतो. मराठी शब्दसूची करणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानात ठेवलंच पाहिजे, नाहीतर सगळे ळ चुकीच्या जागी बसतात.

नाटक होऊन गेलं. पुढच्या प्रयोगासाठी भाच्याने जुन्या हजेरीची कॉपी करून तिच्यात नव्या खुणा घालायला घेतल्या. पण कॉपी फक्त बाहेरच्या रांगेची होते. आतल्या ओळींचे पत्ते तेच राहतात आणि नवी खूण जुन्या हजेरीतही उमटते. ओळींसकट सगळं वेगळं हवं तर कॉपी मोड्यूलमधलं डीपकॉपी लागतं. या वेळी त्याचा फोन आला नाही. मेसेज आला, त्यात स्क्रीनचा फोटो: जुन्या आणि नव्या हजेरीच्या पहिल्या ओळींचे क्रमांक आयडीने छापलेले, दोन्ही सारखेच, आणि खाली डीपकॉपीनंतरचे, वेगवेगळे.