खंदकातील पहारा

युद्धात आघाडीच्या खंदकात उभे राहून शत्रूच्या हालचालींवर नजर ठेवण्याचे काम. पहिल्या महायुद्धात (१९१४–१८) सातारा भागातून पलटणीत भरती झालेल्या अनेक मराठा शिपायांच्या वाट्याला ते मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये आले. सातारा तालुक्यातील अपशिंगे (मिलिटरी) या एकाच गावाचे ४६ जवान त्या युद्धात कामी आले. गावात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे. हल्ल्यांचे पराक्रम नोंदले गेले, पहाऱ्यावरच्या मरणाची दखल मात्र क्वचितच घेतली गेली.

दिवसा मोठा धोका नेमबाजाचा. किल्ल्याच्या तटाला असतात तशा जंग्या, म्हणजे बाहेर पाहण्याची आणि गोळी झाडण्याची भोके, वाळूच्या पोत्यांत ठेवलेल्या असत. पहारेकऱ्याच्या पाठीमागून उजेड आला, की समोरून जंगी उजळ दिसे. त्याने डोळा लावताच ती काळी पडे आणि तेवढ्यावर नेमबाज गोळी सोडी. म्हणून मागे गोणपाट टांगत. पेरिस्कोप असेल तर डोके खाली ठेवता येई, पण त्याची काचही गोळीने फुटे.

रात्री डोके वर काढूनच पाहावे लागे. आकाशात प्रकाशगोळा फुटला, तर खाली वाकायचे नाही, आहे तसे थिजून उभे राहायचे; कारण अंधारात नजर पकडते ती हालचाल. खंदकापुढे, काटेरी तारेपलीकडे कान लावून बसणाऱ्यांना दुहेरी भय असे. परत येताना परवलीचा शब्द चुकला, तर आपल्याच माणसाची गोळी.

मेसोपोटेमियातील कुत या गावाला तुर्की फौजेने घातलेल्या वेढ्यात (डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६) १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी अडकल्या होत्या. जानेवारीत तैग्रिस नदीच्या पुराने पुढचे खंदक बुडाले. पुढे शिधाही घटत गेला. गारठ्यात, अर्धपोटी माणसाने डोळ्यात तेल घालून जागायचे, ही अपेक्षाच निर्दय होती.

झोप लागणे हा तर देहान्ताचा गुन्हा. रात्री सहसा दोन-दोन तासांच्या पाळ्या लावत आणि जोडीने उभे करत, तरी डोळा लागे. त्या युद्धात ब्रिटिश सैन्यात पहाऱ्यावर झोपल्याबद्दल ४४९ जणांना मृत्युदंड सुनावला गेला. अंमल झाला तो दोघांवर, १९१७ च्या फेब्रुवारीत, मेसोपोटेमियातच.