गाठ केवढी, यापेक्षा तिचा घट्ट गाभा केवढा

सीटी स्कॅनच्या रिपोर्टमध्ये ‘फुप्फुसात १८ मिमीची गाठ’ एवढंच लिहिलेलं असलं, तर तिच्या पुढच्या वाटचालीचा अंदाज बांधता येत नाही. अडेनोकार्सिनोमा हा फुप्फुसाच्या कर्करोगाचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. सुरुवातीला तो बऱ्याचदा वायुकोशांच्या भिंतींवरूनच पसरतो. कोश शाबूत असतात, आत हवा असते, म्हणून स्कॅनवर तो भाग धुरकट काचेसारखा दिसतो आणि त्यातून रक्तवाहिन्यांच्या रेषाही ओळखू येतात. पेशी भिंत ओलांडून आत घुसल्या की हवा हटते आणि तिथे पांढरा, घट्ट गाभा उमटतो. पुढे काय होणार, हे बरंचसं या गाभ्यावर ठरतं.

घट्ट भागाच्या सर्वांत मोठ्या लांबीला अख्ख्या गाठीच्या लांबीने भागायचं. १८ पैकी ४ मिमी घट्ट असेल तर गुणोत्तर ०.२२; १३ मिमी असेल तर ०.७२. बाहेरून माप एकच, आजार मात्र वेगळा. टीएनएम या कर्करोगाची पायरी (स्टेज) ठरवण्याच्या पद्धतीच्या आठव्या आवृत्तीपासून अशा मिश्र गाठींची पायरी ठरवताना घट्ट भागच धरतात, धुरकट कड धरत नाहीत.

याचा भक्कम पुरावा जपानमधून आला. तिथल्या जेसीओजी या कर्करोग-संशोधन गटाच्या एका अभ्यासात २ सेंमीपर्यंतच्या आणि ०.२५ पर्यंत गुणोत्तराच्या गाठी थोडाच भाग कापून काढल्या. ५ वर्षांनी ९९.७ टक्के रुग्ण रोग न उलटता जिवंत होते. दुसऱ्या अभ्यासात गुणोत्तर ०.५ पेक्षा जास्त असलेल्या ११०६ रुग्णांत फुप्फुसाचा अख्खा खंड काढणं आणि त्याचा एक उपखंड काढणं यांची तुलना झाली. ५ वर्षांनी जिवंत असलेले रुग्ण अनुक्रमे ९१.१ आणि ९४.३ टक्के, पण स्थानिक पातळीवर रोग उलटला तो ५.४ आणि १०.५ टक्के रुग्णांत. म्हणजे कमी कापणं फायद्याचं ठरलं, पण त्यानंतरची तपासणी टाळून चालणार नाही.

मोजमाप बिघडतं ते बहुधा स्कॅनच्या जाड छेदांमुळे, म्हणजे एकेका चित्रात जाड थर धरल्यामुळे. ५ मिमीच्या छेदात ३ मिमीचा गाभा भोवतालच्या हवेत मिसळतो आणि फिकट राखाडी दिसतो. छेद १ मिमीच्या आसपासच हवा. श्वास पुरता भरलेला नसेल तर निरोगी फुप्फुसही धुरकट दिसतं. दोन स्कॅनमधला २ मिमीपेक्षा कमी फरक वाढ म्हणून धरू नये, तेवढी चूक मोजण्यातही होते. उलट, १० मिमीची गोल गाठ १२.६ मिमी झाली तर तिचं घनफळ दुप्पट झालेलं असतं!

गाठीचं भाकीत करण्यासाठी स्कॅनवरून संगणकाने तिचा पोत, कडा, घनता अशी शेकडो लक्षणं मोजण्याला रेडिओमिक्स म्हणतात. रुग्ण थोडे आणि लक्षणं शेकडो असली की योगायोगही नियमासारखा दिसू लागतो. एका यंत्रावर जमलेलं भाकीत दुसऱ्या यंत्रावर कोसळतं. शिवाय आपल्याकडे क्षयाची जुनी गाठही कर्करोगासारखी घट्ट दिसते, पेट स्कॅनवर (जिथे जास्त साखर वापरणाऱ्या पेशी उजळतात) उजळतेही.

म्हणून दुसरं मत घेताना छापील फिल्मऐवजी पातळ छेदांची मूळ सीडी सोबत न्यावी. जुना स्कॅन असेल तर त्याचीही.