सॉमरडेलचा चॉकलेट कारखाना: ब्रिस्टल, केन्शम आणि मग पोलंड

आपल्याकडे कुठल्याही चॉकलेटला सर्रास ‘कॅडबरी’ म्हणतात; ठाण्यात तर एका चौकालाही कॅडबरीचं नाव आहे. पण जो कारखाना हलवल्यावर ब्रिटनमध्ये कंपन्या विकत घेण्याचे नियम बदलावे लागले, तो मुळात कॅडबरीचा नव्हता. तो फ्राय घराण्याचा.

जोसेफ फ्राय या क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या औषधविक्रेत्याने 1761 मध्ये इंग्लंडच्या ब्रिस्टल शहरातला एक चॉकलेटचा धंदा विकत घेतला. त्या काळी चॉकलेट प्यायचं असे. याच घराण्याने 1795 मध्ये कोको दळायला वाफेचं इंजिन लावलं आणि 1847 मध्ये साच्यात घातलेली, खायच्या चॉकलेटची वडी विकायला काढली. धंदा वाढत गेला तसा युनियन स्ट्रीटच्या आसपास एकेक इमारत जोडत कारखाना शहराच्या भरवस्तीत पसरला आणि शेवटी जागा पुरेना. 1919 मध्ये फ्राय आणि कॅडबरी एकत्र आले आणि कारखाना साधारण आठ किलोमीटरवरच्या केन्शमला, एव्हन नदीकाठी न्यायचं ठरलं. तिथे पाया खणताना रोमन काळातल्या घरांचे अवशेष निघाले. ‘सॉमरडेल’ हे नाव स्पर्धा ठेवून निवडलं.

म्हणजे हेही स्थलांतरच. पण आठ किलोमीटरचं. ब्रिस्टलचा कामगार आगगाडीने कामावर येऊ शकत होता. 1925 मध्ये स्टेशनचं नावही ‘केन्शम अँड सॉमरडेल’ झालं आणि 1974 पर्यंत तेच राहिलं. कारखान्याचं स्वतःचं वीजघर होतं, रेल्वेचा फाटा होता, खेळाची मैदानं आणि क्लब होता. क्वेकर मालक कामगाराच्या फावल्या वेळाचीही सोय बघत (आणि त्यावर लक्षही ठेवत, हे ओघानं आलंच).

क्रंची, टर्किश डिलाइट, कर्ली वर्ली, डबल डेकर, फज हा सगळा माल इथला. त्यातली क्रंची बनवणं मोठं नाजूक काम. आतली साखरेची जाळीदार कांडी मोठ्या लादीतून कापायची असते. पातं लावलं तर तिचा चुरा होतो, पाण्याची धार सोडली तर साखर विरघळते, म्हणून ती तेलाच्या जोरदार बारीक धारेने कापतात.

ऑक्टोबर 2007 मध्ये कॅडबरीने जाहीर केलं की सॉमरडेल बंद होणार आणि बरंचसं उत्पादन पोलंडला जाणार. सुमारे 500 नोकऱ्यांचा प्रश्न होता. पोलंड 2004 मध्ये युरोपीय संघात आला होता आणि तिथे मजुरी कमी होती. नवा कारखाना स्कार्बिम्येशला, जुन्या सोव्हिएत विमानतळाच्या परिसरात उभा राहू लागला. केन्शममध्ये मोर्चे निघाले, सह्यांच्या मोहिमा झाल्या, पण निर्णय हलला नाही. हळूहळू लोकांनी मनाची तयारी केली असती.

पण सप्टेंबर 2009 मध्ये अमेरिकेच्या क्राफ्ट कंपनीने कॅडबरी विकत घ्यायचा प्रस्ताव मांडला आणि त्यातच सांगितलं, की आम्ही आलो तर सॉमरडेल चालू ठेवू. फेब्रुवारी 2010 च्या सुरुवातीला कॅडबरी क्राफ्टच्या ताब्यात आली. जेमतेम आठवड्याने घोषणा झाली: सॉमरडेल बंदच होणार. कारण काय, तर पोलंडमधलं काम फार पुढे गेलंय. माझ्या मते केन्शमची खरी जखम ही आहे. पहिला निर्णय कठोर होता, पण सरळ होता. क्राफ्टने सुटकेची आशा दाखवली, आणि ती दाखवताना पोलंडमधलं काम कुठवर आलंय याची नीट चौकशीही केली नव्हती.

क्राफ्टच्या प्रतिनिधीने संसदेच्या समितीपुढे माफी मागितली. मुख्य अधिकारी आयरीन रोझेनफेल्ड मात्र आल्या नाहीत. मे 2010 मध्ये टेकओव्हर पॅनेल या नियामक मंडळाने क्राफ्टवर जाहीर ठपका ठेवला. क्राफ्टचा स्वतःच्या बोलण्यावर विश्वास असेलही, पण त्याला पुरेसा आधार नव्हता, असं मंडळाचं म्हणणं. 2011 मध्ये नियम बदलले. तेव्हापासून कंपनी घेऊ पाहणाऱ्याने कामगार आणि कारखान्यांबद्दल जे सांगितलं, त्याला त्याने किमान वर्षभर बांधील राहावं, अशी अपेक्षा आहे. वर्ष सरल्यावर काय, हा प्रश्न कामगार संघटनांनी विचारायलाच हवा.

सॉमरडेल 2011 मध्ये बंद झालं. लाल विटांच्या इमारतींपैकी काही पाडल्या नाहीत. 2017 पासून तिथे ज्येष्ठ नागरिकांसाठी घरं आहेत आणि त्या वसाहतीचं नाव ‘द चॉकलेट क्वार्टर’ ठेवलंय.