गुंठ्याचे पस्तीस फूट

आमच्या कोल्हापूर भागात शेत गुंठ्यांत मोजतात. ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद म्हणजे १०८९ चौरस फुटांचा एक गुंठा. असे ४० झाले की एकर. करवीर तालुक्यातली एक मुलगी माझ्याकडे जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकते. तिने पहिलाच प्रोग्रॅम या हिशोबाचा लिहिला. एक्सेलमध्ये वर्ग काढायला ^ हे टोपीसारखं चिन्ह वापरायची सवय, म्हणून इथेही ३३ ^ २ लिहिलं. उत्तर आलं ३५.

“सर, हे तर बेरीज करतंय की!”

तर्क चांगला होता. मी म्हटलं, २ च्या जागी ३ घाल. बेरीज असती तर ३६ यायला हवे होते, आले ३४. मग १ घातला, तर ३२! ती गप्पच झाली.

जावात हे चिन्ह घाताचं नाहीच. ते ‘एक्सऑर’चं आहे. जिन्यातला दिवा आठवा. एक बटण खाली, एक वर. समजा दोन्ही एकाच बाजूला असली की दिवा बंद, वेगवेगळ्या बाजूंना असली की चालू. एक्सऑर दोन संख्या द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ या अंकांत, एकाखाली एक मांडून प्रत्येक घरात हेच बघतं : अंक वेगळे असतील तर १, सारखे असतील तर ०.

३३ म्हणजे १००००१
२ म्हणजे ००००१०
उत्तर १०००११, म्हणजे ३५

इथे १ खाली १ कुठेच आला नाही, हातचा धरायची वेळ आली नाही, म्हणून बेरजेचा भास झाला. ३३ ^ १ मध्ये मात्र शेवटच्या घरात १ समोर १ आला आणि तिथला दिवा विझला.

जावाने बरीचशी चिन्हं सी भाषेकडून घेतली, आणि सीमध्येही घाताचं चिन्ह नाही. फोरट्रान आणि पायथनमध्ये त्यासाठी दोन फुल्या (**) असतात. मला खरी काळजी वाटते ती वेगळीच : दोन्ही पूर्णांक असले की कंपायलर, म्हणजे प्रोग्रॅम तपासून यंत्राच्या भाषेत नेणारा, हूं की चूं करत नाही. बाजू ३३.५ लिहिली असती, तर त्याने तिथेच अडवलं असतं, कारण एक्सऑर दशांश अपूर्णांकांवर चालत नाही.

तिने ‘मॅथ डॉट पॉव’ ही जावातली घात काढायची तयार सोय वापरून पाहिली. १०८९.० आले. तो शून्य कशाला, हा तिचा पुढचा प्रश्न. पॉव नेहमी ‘डबल’ प्रकारचं, म्हणजे दशांशचिन्हाचं उत्तर देतं, कारण घातांक अर्धाही असू शकतो. नुसत्या वर्गासाठी बाजू गुणिले बाजू लिहिलेलं बरं. तिने तेच ठेवलं.