अख्खी टर्की घरी स्मोक करायची? आधी हे वाचून घ्या

नमस्कार मंडळी,

दिवाळीचा फराळ संपायच्या आत आमच्या दुकानात थँक्सगिव्हिंगच्या टर्कीची, म्हणजे इथे अमेरिकेत नोव्हेंबर अखेरच्या त्या सणाला अख्खा शिजवतात त्या मोठ्या पक्ष्याची, विचारणा चालू होते. स्मोकर (लाकडाच्या धुरात मंद आचेवर मांस शिजवायची झाकणाची शेगडी) भाड्याने मिळेल का, लाकूड कुठलं घेऊ, आणि हमखास येणारा प्रश्न म्हणजे १४ पौंडाच्या टर्कीला किती तास लागतात. अंदाज आम्ही सांगतो, पण त्या अंदाजावर पाहुण्यांना जेवायची वेळ देऊ नका. इथे न्यू जर्सीत नोव्हेंबर अखेरीला कधी नुसत्या स्वेटरवर भागतं तर कधी बोचरं वारं सुटलेलं असतं, त्या वाऱ्याने स्मोकरचा पत्रा गार पडतो, त्यात घरातला प्रत्येक जण "बघू जरा" म्हणत झाकण उघडून जातो, मग घड्याळाचा हिशोब कसला जुळतोय. टर्की झाली की नाही हे फक्त थर्मामीटर सांगतो. म्हणून आमचा सल्ला जरा धंद्याच्या विरुद्ध जाणारा आहे: स्मोकर जुना असो, मित्राचा मागून आणलेला असो, चालेल, पण थर्मामीटर चांगला घ्या. दोन प्रोबवाला (प्रोब म्हणजे तापमान मोजणारी सळई) मिळाला तर बेस्ट, एक टर्कीत आणि एक जाळीवर तिच्या शेजारी, कारण झाकणावरचा काटा वरच्या हवेचं तापमान दाखवतो आणि जाळीवर भलतंच असू शकतं. टर्कीतच टोचून येणारं, शिजली की वर उडणारं ते प्लास्टिकचं पॉप-अप बटण असतं ना, त्याच्यावर अजिबात जाऊ नका.

यंदा एक बरं आहे. २०२२ आणि २०२५ ला थँक्सगिव्हिंग नेमकं मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी आलं होतं, म्हणजे ज्यांच्याकडे महालक्ष्मीचा घट बसतो त्यांची पंचाईतच. १९४१ च्या कायद्यापासून इथे नोव्हेंबरचा चौथा गुरुवार ठरलेला, तो काही हलत नाही. २०२६ ला अधिक ज्येष्ठ आल्यामुळे आपले सगळे महिने पुढे सरकलेत, २६ नोव्हेंबरला कार्तिकच चालू असेल. तेव्हा बिनधास्त.

खरेदी करताना १२ ते १४ पौंडापर्यंतचीच घ्या. माणसं जास्त असतील तर २० पौंडाची एक आणण्यापेक्षा १० च्या दोन आणा, कारण मोठी टर्की मंद आचेवर आतपर्यंत तापायला फार वेळ घेते, आणि ४० ते १४० डिग्री फॅरनहाइट हा जो पट्टा आहे त्यात मांस चार तासांहून जास्त राहिलं की जंतूंची चंगळ होते. लेबल नीट वाचा. "सोल्युशन" असं काही लिहिलं असेल तर कंपनीने मिठाचं पाणी आधीच टोचलेलं आहे, कोशर (ज्यू धर्माच्या नियमांप्रमाणे तयार केलेल्या) टर्कीलाही मीठ लागलेलं असतं, अशीला परत मीठ लावलंत तर खारट होणार.

फ्रोझन टर्कीचा बर्फ सुटायला ती ओट्यावर ठेवायची नाही. फ्रिजमध्ये दर ४-५ पौंडाला एक दिवस धरा, म्हणजे १४ पौंडाची रविवारी सकाळी फ्रिजमध्ये गेली तर बुधवारपर्यंत सुटते, पण मीठ मुरायला दिवसभर पाहिजे म्हणून शनिवारीच काढलेली बरी. विसरलात तर गार पाण्यात, पौंडाला अर्धा तास, दर अर्ध्या तासाला पाणी बदलायचं, पिशवी गळकी नको. आणि सुटली की दोन्हीकडून हात घालून बघा. एका बाजूला पोकळीत मान असते, दुसरीकडे गळ्याच्या कातडीखाली कलेजी वगैरेची छोटी पुडी दडवलेली असते, आणि नवखा माणूस एक पुडी काढतो आणि खूश होतो, दुसरी तशीच शिजून टेबलावर येते. नळाखाली धुऊ नका, कितीही सवय असली तरी, शिंतोड्यांबरोबर जंतू सगळ्या सिंकभर उडतात, पेपर टॉवेलने टिपून घेतलं की झालं.

मिठाचं म्हणाल तर बादलीभर पाण्यात बुडवत बसण्यापेक्षा कोरडं मीठ चोळणं सोपं, आणि कातडी पण चांगली होते. दर ५ पौंडाला १ टेबलस्पून जाडं कोशर मीठ, बारीक मीठ असेल तर त्याच्या निम्मं, आणि मग झाकण न ठेवता फ्रिजमध्ये एक ते दोन दिवस. कातडी सुकून कागदासारखी झाली की समजा जमलं.

आता मसाला. आपले लोक इथेच जरा वाहवत जातात. दह्याचं मॅरिनेशन तंदुरीला ठीक आहे, पण इथे दही कातडीला ओलं ठेवतं आणि ती चामट राहते. त्यापेक्षा मऊ बटरमध्ये मालवणी मसाला, ठेचलेला लसूण आणि लिंबाची किसलेली साल कालवा, छातीवरची कातडी बोटांनी अलगद सोडवून ते मांसावर सारवा, आणि वरून नुसतं तेलाचं बोट. कांदा-लसूण मसाला वापरणार असाल तर त्यात मीठ आधीच असतं हे लक्षात ठेवून वरचं मीठ कमी करा. पोटात स्टफिंग किंवा पुलाव बिलकुल भरू नका, स्मोकरमध्ये ते आतलं सारण सुरक्षित तापमानाला पोचेपर्यंत बाहेरचं मांस वाळून जातं. अर्धा कांदा, सफरचंदाच्या दोन फोडी, बस. पुलाव वेगळा करा.

स्मोकर अंगणात, घरापासून चांगला लांब. पाऊस आला म्हणून गॅरेजमध्ये ओढायचा नाही, दार उघडं ठेवलं तरी नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. अपार्टमेंटवाल्यांनी आधी लीज आणि टाउनशिपचे नियम बघा, बाल्कनीत बहुतेक ठिकाणी परवानगी नसते, आणि तुमचा पत्ता तसा असेल तर आम्ही स्मोकर देत नाही, राग मानू नका.

लाकूड सफरचंदाचं किंवा चेरीचं घ्या. हिकरी चालतं पण बेताने, मेस्कीट टर्कीला फार उग्र होतं, ते बीफसाठी राहू द्या. पाइन, देवदार किंवा फर्निचरचे उरलेले तुकडे, रंग लावलेल्या फळ्या कधीच नाही. आपल्याकडे कोळशावर तूप सोडून धुंगार देतात तो पाच मिनिटांचा खेळ, इथे धूर तासन्तास लागतो म्हणून तो स्वच्छ पाहिजे. सुरुवातीला पांढरा दाट धूर येतो, लोकांना वाटतं वा काय धूर आहे, पण त्यात टर्की ठेवली तर कडू होते. धूर पातळ, निळसर, जेमतेम दिसेल असा झाला की मग ठेवा. मुठीएवढे तीन-चार तुकडे पुरतात. चिप्स भिजवत बसू नका, ओल्या चिप्स आधी वाफच सोडतात.

तापमानावरून पुष्कळ वाद आहेत. ब्रिस्केट (बीफचा छातीकडचा भाग) स्मोक करणारे मित्र २२५ फॅरनहाइट सांगतील. त्या आचेवर १२ पौंडाची टर्की सहा-सात तास खाते, आणि कातडी रबरासारखी होते, कारण तिच्यातली चरबी वितळून कुरकुरीत व्हायला जास्त उष्णता लागते. आम्ही ३०० च्या आसपास ठेवा म्हणतो, तीन ते चार तासात होते, धूरही पुरेसा लागतो. पाठीचा कणा कात्रीने कापून टर्की चपटी केलीत तर आणखी लवकर, फक्त टेबलावर अख्खी मिरवता येत नाही.

प्रोब मांडीच्या सगळ्यात आतल्या भागात, हाडाला न टेकता. छातीच्या जाड भागात, मांडीत आणि पंखाच्या आतल्या बाजूला, तिन्हीकडे १६५ फॅरनहाइट दिसलंच पाहिजे, मांडी १७५ पर्यंत गेली तर उलट जास्त मऊ लागते. कापल्यावर मांस कडेने गुलाबी दिसलं तर सासूबाई कच्ची म्हणतील, पण धुरातल्या वायूंमुळे स्मोक केलेलं मांस पूर्ण शिजूनही गुलाबी राहतं, त्यांना आकडा दाखवा. कापायच्या आधी वीस-तीस मिनिटं तशीच राहू द्या, फॉइलने घट्ट गुंडाळू नका नाहीतर एवढी मेहनत करून आणलेली कातडी वाफेने परत लिबलिबीत होते.

उरलेलं मांस दोन तासांच्या आत हाडावरून सोडवून फ्रिजमध्ये, तीन-चार दिवसात संपवा. हाडं टाकू नका. रस्सा अप्रतिम होतो, पण नुसत्या हाडांचं पाणी फार धुरकट लागतं, तेव्हा अर्धं साधं पाणी घाला आणि सुकं खोबरं भाजून जरा सढळ हाताने वापरा.

भाड्याचे स्मोकर शनिवारी परत घेतो. राख वरून थंड दिसली तरी आत निखारा एखाद दिवस जिवंत राहतो, त्यामुळे ती झाकणाच्या लोखंडी बादलीत काढा, कचऱ्याच्या प्लास्टिक डब्यात नको, आणि गाडीत घालण्याआधी स्मोकर पूर्ण गार झालाय ना ते हात लावून बघा. जाळी घासली नसेल तरी चालेल, ते आम्ही करतो.