उजेड गेला की कार्बन पकडणारी विकरे का थांबतात?

प्रकाशसंश्लेषणाचे दोन टप्पे शाळेतच शिकवले जातात. पहिल्यात प्रकाशाची ऊर्जा एटीपी आणि एनएडीपीएच या ऊर्जावाहक रेणूंच्या रूपात साठते, दुसऱ्यात ती खर्च करून कार्बन डायऑक्साइडपासून शर्करा बनते. दुसऱ्या टप्प्याला प्रकाश लागत नाही, असेही त्याच दमात सांगितले जाते. संशोधकही बराच काळ असेच मानत होते. ही समजूत एकाएकी कोसळली नाही. तिला तडे जायला काही दशके लागली.

१९४० मध्ये सॅम रूबेन आणि मार्टिन कामेन यांना कार्बन-१४ सापडला आणि कार्बनचा माग काढणे शक्य झाले. बर्कलीला मेल्विन कॅल्विन, अँड्र्यू बेन्सन आणि जेम्स बॅशम यांनी एका चपट्या काचपात्रात क्लोरेला हे शैवाल ठेवून त्यावर दिवे सोडले. पात्रात किरणोत्सारी कार्बन मिसळायचा, काही सेकंद थांबायचे आणि तोटी उघडून शैवाल गरम अल्कोहोलमध्ये सोडायचे, म्हणजे सगळ्या अभिक्रिया जागच्या जागी थांबत. मग कागदी वर्णलेखनाने एकेक संयुग वेगळे करायचे. सर्वांत आधी किरणोत्सारी झालेले दिसले ते फॉस्फोग्लिसरिक आम्ल. पुढे त्यातूनच सगळे चक्र उलगडले. १९६१ चे नोबेल मात्र एकट्या कॅल्विन यांना मिळाले. बेन्सन यांचा वाटा पाहता ते अन्यायाचेच वाटते.

याच गटाने दिवा बंद करून काय होते तेही तपासले. अंधार होताच फॉस्फोग्लिसरिक आम्ल वाढे आणि कार्बन डायऑक्साइड स्वीकारणारी पाच कार्बनी शर्करा, म्हणजे आरयूबीपी, घटे. एटीपी संपले की असे होणारच. पण १९६० च्या दशकातल्या बारकाईच्या मोजमापांत एक गोष्ट खटकली. आरयूबीपी पूर्ण संपत नव्हती, तरी कार्बन स्थिर होणे थांबत होते. कच्चा माल शिल्लक असताना काम बंद पडते, याचा अर्थ ही अभिक्रिया घडवणारे प्रथिन, म्हणजे विकरच, निष्क्रिय होत असले पाहिजे.

ते विकर म्हणजे रुबिस्को. १९४७ मध्ये सॅम वाइल्डमन आणि जेम्स बॉनर यांना पालकाच्या पानांत एक अवाढव्य प्रथिन मुबलक आढळले होते. कार्बन पकडणारे विकर तेच आहे, हे नंतर कळले. त्याचा वेग विलक्षण कमी, सेकंदाला जेमतेम तीनेक रेणू. शिवाय ते कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजनही पकडते, हे १९७१ मध्ये बोज, ऑग्रेन आणि हेगमन यांनी दाखवले. इतक्या संथ विकरावर सगळी भिस्त असल्यामुळे वनस्पतीला ते प्रचंड प्रमाणात बनवावे लागते.

नियंत्रणाचा पहिला ठोस धागा मात्र रुबिस्कोतून नव्हे, तर चक्रातल्या दुसऱ्याच एका विकरातून हाती आला. १९६७ मध्ये बॉब ब्यूकॅनन, कालबेरर आणि डॅनियल आर्नन यांना दिसले की फ्रुक्टोज बिसफॉस्फेटेज हे विकर फेरेडॉक्सिन या इलेक्ट्रॉन वाहून नेणाऱ्या प्रथिनाच्या मदतीने सक्रिय होते. पुढे साखळी स्पष्ट झाली. प्रकाशाने सुटलेले इलेक्ट्रॉन फेरेडॉक्सिनकडे आणि तिथून थायोरिडॉक्सिन या छोट्या प्रथिनाकडे जातात. थायोरिडॉक्सिन विकरातला दोन गंधक अणूंमधला बंध तोडते आणि विकर कामाला लागते. अंधारात तो बंध पुन्हा जुळतो. याच वेळी शर्करा मोडणाऱ्या मार्गातले एक विकर नेमके उलटे वागते, उजेडात बंद आणि अंधारात चालू. तसे नसते तर एकीकडे शर्करा बनत राहिली असती, दुसरीकडे मोडत राहिली असती आणि ऊर्जा फुकट गेली असती. मला या सगळ्या यंत्रणेतला हा भाग सर्वांत देखणा वाटतो.

रुबिस्कोची तऱ्हा वेगळी. १९७६ मध्ये लॉरिमर, बॅजर आणि अँड्र्यूज यांनी दाखवले की त्याच्यातल्या लायसिन या एका अमिनो आम्लावर आधी कार्बन डायऑक्साइडचा एक जादा रेणू बसावा लागतो आणि मग मॅग्नेशियम जोडले जावे लागते. उजेडात हरितलवकाच्या आतल्या द्रवाचा सामू (पीएच) सातच्या आसपासून आठपर्यंत चढतो, मॅग्नेशियमही वाढते, म्हणजे परिस्थिती अनुकूल होते. तरी हिशोब जुळेना. असे सक्रिय होण्याआधीच आरयूबीपी चिकटली, तर चुकीची किल्ली कुलपात अडकावी तसे रुबिस्को अडकून बसते. परीक्षानळीत हे सहज घडे, जिवंत पानात मात्र काम सुरळीत चाले.

उत्तर एका रोगट दिसणाऱ्या रोपाने दिले. १९८२ मध्ये सॉमरव्हिल, पोर्टिस आणि ऑग्रेन यांनी अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेत नेहमी वापरल्या जाणाऱ्या छोट्या वनस्पतीचे एक उत्परिवर्ती रोप वर्णिले. भरपूर कार्बन डायऑक्साइडमध्ये ते वाढे, साध्या हवेत मात्र त्याचे रुबिस्को सक्रियच होत नसे. रुबिस्को स्वतः तर धडधाकट होते. १९८५ मध्ये कळले की या रोपात दुसरेच एक प्रथिन नाही. तेच रुबिस्को ॲक्टिव्हेज. ते एटीपी खर्चून अडकलेली शर्करा बाहेर काढते. अनेक वनस्पतींत त्याच्या मोठ्या रूपावर थायोरिडॉक्सिनचाही ताबा असतो, हे १९९९ मध्ये स्पष्ट झाले. वेगवेगळ्या वाटांनी निघालेले दोन शोध इथे एकत्र आले.

आज ॲक्टिव्हेजकडे विशेष लक्ष आहे, कारण उष्णतेत रुबिस्कोच्या आधी तेच ढेपाळते. २००७ मध्ये उष्णता सोसणारे ॲक्टिव्हेज अरॅबिडॉप्सिसमध्ये घातल्यावर मध्यम उष्ण हवेत रोपांची वाढ सुधारली. गव्हाच्या ॲक्टिव्हेजमध्ये एकच अमिनो आम्ल बदलले तरी उष्णता सोसण्याची क्षमता वाढते, हे २०२० मध्ये दिसले. उष्णता हा एकच प्रश्न नाही. सावलीतले पान उन्हात आले की रुबिस्को पूर्ण जागे व्हायला काही मिनिटे जातात. गव्हात या दिरंगाईमुळे किमान २१ टक्के उत्पादकता बुडत असावी, असा अंदाज टेलर आणि लाँग यांनी २०१७ मध्ये मांडला.