चित्र एक, भाषा अनेक : व्हिडिओतली भाषा सुटी कशी झाली

सप्टेंबर २०२५ मध्ये यूट्यूबने एकाच व्हिडिओला अनेक भाषांतले आवाज जोडण्याची सोय लाखो चॅनेलांना टप्प्याटप्प्याने खुली करायला घेतली. प्रेक्षकाने सेटिंगमध्ये भाषा बदलली की चित्र तेच राहतं, बोलणं तेवढं बदलतं. याचं बरंचसं श्रेय एआयला दिलं जातं, पण ते अर्धंच खरं आहे. भाषांतर करणारी माणसं सिनेमाच्या जन्मापासून हाताशी होतीच. अडत होतं ते भाषा चित्राला घट्ट चिकटलेली असण्यावर. ती सोडवायला जेवढा खर्च, तेवढा व्हिडिओचा पल्ला कमी, असाच आजवरचा हिशेब आहे.

मूकपटाच्या काळात हा प्रश्न जवळजवळ नव्हताच. दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ला (१९१३) इंग्रजी आणि हिंदी पाट्या होत्या. पाटी म्हणजे मधेमधे दिसणाऱ्या मजकुराचा, फिल्मचा स्वतंत्र तुकडा. तो कापून काढायचा, दुसऱ्या भाषेतला जोडायचा, की चित्रपट दुसऱ्या मुलखात जायला तयार. पुढे शंभर वर्षं इतकी स्वस्त सोय परत मिळाली नाही.

बोलपट आला आणि गाठ पक्की बसली. सुरुवातीच्या तंत्रात संवाद, संगीत आणि सेटवरचे आवाज एकत्रच नोंदले जात. नंतर त्यातला फक्त संवाद काढून दुसरा घालणं धड जमत नसे. मग उपाय एकच उरला, तो म्हणजे अख्खा चित्रपट पुन्हा चित्रित करणं. हॉलिवूडच्या पॅरामाउंट कंपनीने १९३० मध्ये पॅरिसजवळ ज्वाँव्हिलला त्यासाठी स्टुडिओच चालवला. एकच पटकथा, तेच सेट, आणि एका भाषेचे नट बाहेर पडले की दुसऱ्या भाषेचे आत. आपल्याकडे प्रभातने हीच वाट धरली. ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) मराठीत आणि हिंदीत असा दोन्हीकडे चित्रित झाला. ‘कुंकू’चा ‘दुनिया न माने’ (१९३७) आणि ‘माणूस’चा ‘आदमी’ (१९३९) हीदेखील डबिंगची नव्हे, दुहेरी चित्रीकरणाची उदाहरणं. दोन भाषा सहज बोलणारे नट हाताशी असल्यामुळे प्रभातला हे परवडलं. पॅरामाउंटला ज्वाँव्हिलमधून काही वर्षांतच गाशा गुंडाळावा लागला.

तोवर डबिंग सुधारलं होतं. ते सुधारलं एका साध्या गोष्टीमुळे : संवाद एका ट्रॅकवर, आणि संगीत व इतर आवाज दुसऱ्या ट्रॅकवर. हा दुसरा ट्रॅक परदेशी वितरकाकडे पाठवला की त्याने त्यावर आपल्या भाषेतले संवाद चढवायचे. फ्रान्स, जर्मनी, इटली, स्पेन या मोठ्या बाजारपेठा डबिंगकडे वळल्या. नेदरलँड्स आणि स्कँडिनेव्हियातल्या लहान देशांनी सबटायटल्स पत्करली, कारण तिकीटविक्रीतून डबिंगचा खर्च निघत नव्हता. सबटायटल्सही तेव्हा सुटी नव्हतीच. रसायनाने फिल्मवरचा थर कोरून अक्षरं पांढरी उमटवत. प्रत्येक प्रिंटवर हे काम वेगळं करावं लागे आणि चूक दुरुस्त करायची तर प्रिंटच बदलावी लागे. हॉलिवूडने हिंदी डबिंगची ताकद ओळखली ती १९९४ मध्ये, ‘जुरासिक पार्क’ हिंदीतून चालला तेव्हा.

अक्षरं चित्रापासून वेगळी ठेवण्याची युक्ती आली टीव्हीकडून, आणि तीही परभाषिकांसाठी नव्हे तर कर्णबधिर प्रेक्षकांसाठी. अमेरिकेत १९८० पासून प्रक्षेपणाच्या न दिसणाऱ्या ओळीत, एकविसाव्या ओळीत, मजकूर दडवून पाठवू लागले. डिकोडर असेल त्याच्याच पडद्यावर तो उमटे. १९९० च्या कायद्याने १३ इंच आणि त्याहून मोठ्या टीव्ही संचांत हा डिकोडर सक्तीचा केला. पण या पद्धतीचा अक्षरसंच रोमन लिपीपुरता होता. देवनागरीला तिथे जागाच नव्हती.

डीव्हीडीने मजकुराऐवजी चित्र वापरून ही अडचण टाळली. सबटायटलची प्रत्येक ओळ चार रंगांचं छोटं चित्र म्हणून साठवायची. मग लिपी कुठली, जोडाक्षरं कशी, याच्याशी प्लेअरला घेणंदेणं नाही. एका तबकडीवर ८ ऑडिओ ट्रॅक आणि ३२ सबटायटल ट्रॅक बसत. कागदावर पाहिलं तर आज यूट्यूबने जे दिलं ते तेव्हाच मिळालं होतं. फक्त तबकडी दाबली की दार बंद, नंतर एकही भाषा वाढवता येत नसे.

ते दार उघडलं एसआरटीने, म्हणजे व्हिडिओपासून वेगळ्या ठेवलेल्या सबटायटलच्या फाइलने. सबरिप हे सॉफ्टवेअर डीव्हीडीवरच्या या चित्रओळी वाचून त्यांचा साधा मजकूर करी, आणि त्याचा फाइल प्रकार साऱ्या जगाने उचलला. त्याची रचना चार भागांची : क्रमांक, सुरुवातीची आणि शेवटची वेळ, मजकूर, आणि मग एक रिकामी ओळ. नोटपॅडमध्येही लिहिता येईल इतकं सोपं. घात होतो तो बारीक जागांवर. एसआरटीत सेकंद आणि मिलिसेकंदाच्या मध्ये स्वल्पविराम लागतो, तर वेबसाठी नंतर आलेल्या वेबव्हीटीटी प्रकारात तिथे पूर्णविरामाचा ठिपका लागतो आणि पहिल्या ओळीत प्रकाराचं नाव. एकाची फाइल नुसतं नाव बदलून दुसऱ्यात खपवली की ओळी दिसत नाहीत. रिकामी ओळ राहून गेली तर पुढच्या संवादाचा क्रमांक आणि वेळ पडद्यावरच छापून येते. मराठी कळफलक चालू ठेवून वेळेचे आकडे देवनागरीत टाइप केले तर तो संवाद प्लेअरला वाचताच येत नाही; वेळ इंग्रजी आकड्यांतच हवी. आणि फाइल यूटीएफ-८ या सगळ्या लिपी सामावणाऱ्या एन्कोडिंगमध्ये न साठवता जुन्या एन्कोडिंगमध्ये साठवली, तर अख्ख्या मराठीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग.

आणखी एक जुनं दुखणं म्हणजे सबटायटल्स हळूहळू मागे-पुढे सरकणं. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा. अमेरिकी पद्धतीच्या टीव्हीवर तो २३.९७६ च्या वेगाने चालतो, युरोपात आणि आपल्याकडे २५ च्या. एका प्रतीसाठी बनवलेली फाइल दुसऱ्या प्रतीला लावली की सुरुवात जुळते आणि तासाभरात सुमारे अडीच मिनिटांचा फरक पडतो. बरेच जण सगळ्या ओळी दोन-पाच सेकंदांनी सरकवून पाहतात. त्याने काही होत नाही. दोष वेगात असतो, म्हणून वेळा गुणाकारानेच ताणाव्या किंवा आवळाव्या लागतात. फरक शेवटपर्यंत सारखाच असेल तरच सरकवणं कामाचं.

अशा सुट्या फाइलींवर चाहत्यांची एक समांतर दुनिया उभी राहिली. जपानी ॲनिमे, कोरियन मालिका यांची सबटायटल्स हौशी मंडळी रातोरात करू लागली. २००७ मध्ये सुरू झालेल्या व्हिकीने याच हौसेवर अधिकृत सेवा उभारली. २०१३ मध्ये ती राकुतेन या जपानी कंपनीने विकत घेतली. टेड या व्याख्यानं भरवणाऱ्या संस्थेने मे २००९ मध्ये आपल्या व्याख्यानांच्या भाषांतराचा स्वयंसेवी प्रकल्प सुरू केला, तेव्हा ४० भाषांतली ३०० भाषांतरं तयार होती. तिथे भाषांतरकाराचं काम दुसरा स्वयंसेवक तपासतो आणि मगच ते प्रसिद्ध होतं. हौशी कामाचा दर्जा टिकला तो या पायरीमुळे.

यूट्यूबने सबटायटल फाइल जोडण्याची सोय २००८ मध्ये दिली. नोव्हेंबर २००९ मध्ये स्वयंचलित कॅप्शन आली, सुरुवातीला मोजक्या भागीदारांसाठी आणि फक्त इंग्रजी बोलण्यासाठी. मार्च २०१० पासून ती सर्वांना मिळाली. ती घडवण्यात गूगलचे केन हारेनस्टीन हे स्वतः कर्णबधिर असलेले अभियंते पुढे होते. पुढे प्रेक्षकांनीच भाषांतर करून द्यावं अशीही सोय झाली, पण २८ सप्टेंबर २०२० ला ती बंद झाली. कंपनीने कारण दिलं ते असं : गेल्या महिन्यात ०.००१ टक्क्याहूनही कमी चॅनेलांनी अशी सबटायटल्स प्रसिद्ध केली, शिवाय स्पॅम आणि शिवीगाळ. आकडा खरा असेलही. पण जी थोडी चॅनेलं ती सोय वापरत होती, त्यांच्यासाठी परभाषिक प्रेक्षक हाच आधार होता, आणि अनुवादकाला पैसे देण्याची त्यांची ऐपत नव्हती. भक्कम करायला हवी होती ती तपासणीची पायरी. काढून टाकली गेली अख्खी सोय.

सबटायटल्सच्या मापाबद्दल थोडं. एका वेळी जास्तीत जास्त दोन ओळी आणि भरलेल्या दोन ओळींना साधारण सहा सेकंद, हा टीव्हीवाल्यांचा जुना ठोकताळा. नेटफ्लिक्सच्या इंग्रजी नियमांत ओळीला ४२ अक्षरं आणि एक संवाद पडद्यावर फार तर ७ सेकंद. हे आकडे देवनागरीला जसेच्या तसे लावले की गोंधळ होतो. ‘विद्यार्थ्यांना’ हा शब्द वाचणाऱ्याला चार अक्षरांचा दिसतो. संगणक मात्र काना, वेलांटी, हलन्त, अनुस्वार सगळं वेगळं मोजतो आणि १५ चिन्हं सांगतो. मर्यादा ओलांडली म्हणून सॉफ्टवेअर लाल रंग दाखवतं आणि नवखा अनुवादक चांगलं वाक्य उगाच छाटत बसतो. उलटं टोकही आहे. आडव्या पडद्यावर छान बसलेली ओळ मोबाइलवर तिसऱ्या ओळीत घसरते. त्यामुळे मोजणीपेक्षा फोनवर एकदा लावून मोठ्याने वाचून पाहणं खात्रीचं. प्लेअर जुना असेल तर वेलांटी व्यंजनाच्या उजवीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरं पाय मोडून सुटी दिसतात. तिथे फाइलमध्ये कितीही दुरुस्त्या केल्या तरी उपयोग नाही, प्लेअरच बदलावा लागतो.

आवाजाच्या बाबतीत मात्र २०२३ पर्यंत वेगळं चॅनेल काढण्यावाचून इलाज नव्हता. मिस्टरबीस्ट या अमेरिकी यूट्यूबरने स्पॅनिश आणि इतर भाषांची चॅनेलं स्वतंत्रपणे चालवली. यात व्ह्यूज वाटले जातात, प्रत्येक चॅनेल शून्यापासून वर आणावं लागतं आणि मूळ व्हिडिओत काही दुरुस्त केलं तर तेच दहा ठिकाणी करावं लागतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये यूट्यूबने एकाच व्हिडिओला अनेक ऑडिओ ट्रॅक देण्याची सोय जाहीर केली, तेव्हा मिस्टरबीस्टचे सर्वाधिक पाहिलेले ११ व्हिडिओ ११ भाषांत डब झालेले होते. चाचणीतल्या चॅनेलांना १५ टक्क्यांहून जास्त पाहण्याचा वेळ मूळ भाषेबाहेरून मिळाला, असं कंपनीने तेव्हा सांगितलं. २०२५ मध्ये तोच आकडा २५ टक्क्यांच्या वर सांगितला गेला. दरम्यान गूगलमधला ‘अलाउड’ हा डबिंगचा प्रयोग यूट्यूबकडे आला. डिसेंबर २०२४ पासून माहितीपर चॅनेलांना स्वयंचलित डबिंग मिळू लागलं. इंग्रजीतून ज्या पहिल्या आठ भाषांत ते होत होतं, त्यांत हिंदी होती, मराठी नव्हती.

मराठीपुरतं बोलायचं तर याच्या बऱ्याच आधी मुंबईच्या आयआयटीतल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने भाषा सुटी ठेवण्याचा धडा घालून दिला होता, आणि त्याकडे व्हिडिओवाल्यांचं फारसं लक्ष गेलं नाही. प्राध्यापक कण्णन मौदगल्य यांनी उभारलेल्या या प्रकल्पात मुक्त सॉफ्टवेअर शिकवणारे साधारण दहा मिनिटांचे व्हिडिओ होतात. आधी संहिता लिहायची, दोन रकान्यांत : डावीकडे पडद्यावर काय घडतं, उजवीकडे काय बोलायचं. मग ज्याला ते सॉफ्टवेअर येत नाही अशा नवशिक्याला संहिता देऊन तो अडतो कुठे ते पाहायचं. रेकॉर्डिंगनंतर प्रत्येक वाक्यापुढे वेळ टाकायची आणि ती संहिता अनुवादकांकडे द्यायची. पडदा इंग्रजीच राहतो, बोलणं तेवढं मराठी, तमिळ, आसामी असं बदलतं. नोकरीत समोर येणारं सॉफ्टवेअर इंग्रजीच असणार, म्हणून पडदा बदलायचा नाही हा निर्णय विचारपूर्वक घेतलेला आहे.

आज डबिंग करू पाहणारे अडतात ते बहुधा संकलनाच्या टप्प्यावर. निवेदन आणि पार्श्वसंगीत एकाच ट्रॅकमध्ये मिसळून साठवलं असेल तर नव्या भाषेत संगीत गायब होतं किंवा खालून जुना आवाज ऐकू येतो. नव्वद वर्षांपूर्वी स्टुडिओंना पडलेला पेच हाच. प्रकल्पाच्या मूळ फाइलमध्ये निवेदन, संगीत आणि इतर आवाज तीन वेगळ्या ट्रॅकवर ठेवले तर पुढचं काम तासाभराचं. नाहीतर सॉफ्टवेअरने आवाज वेगळे करण्याचा खटाटोप, आणि तरी खरखर राहतेच. जोडायचा ट्रॅक व्हिडिओच्या लांबीचा असावा लागतो. मराठी निवेदन इंग्रजीपेक्षा लांबलं तर वेग वाढवून कोंबण्याऐवजी वाक्यं कापावीत, किंवा मूळ निवेदनातच वाक्यांमध्ये श्वास ठेवावा. व्हिडिओची मूळ भाषा सेटिंगमध्ये नीट नोंदवलेली नसेल तर पुढची सगळी मांडणी चुकीच्या पायावर उभी राहते. यंत्राच्या डबिंगमध्ये माणसांची आणि गावांची नावं, मापं आणि विनोद आधी तपासावेत. चुका तिथेच दाटीने सापडतात.

एवढं करूनही चित्रात कोरलेला मजकूर तसाच राहतो : नकाशावरची नावं, तक्त्यातले शब्द, चौकटीत उमटणारी वाक्यं. ट्रॅक बदलल्याने ते बदलत नाहीत. म्हणून परभाषिक प्रेक्षक हवे असणारी चॅनेलं आता पडद्यावर आकडे आणि चिन्हं ठेवतात, वाक्यं बोलण्यात किंवा सबटायटलमध्ये टाकतात. शीर्षक आणि वर्णन प्रत्येक भाषेत वेगळं देता येतं. ते दिलं नाही तर डब केलेला व्हिडिओ त्या भाषेच्या शोधात सापडतच नाही. थंबनेलवरचा, म्हणजे यादीत दिसणाऱ्या व्हिडिओच्या छोट्या चित्रावरचा मजकूर भाषेनुसार बदलण्याची सोय २०२५ मध्ये निवडक चॅनेलांवर चाचणीच्या टप्प्यात होती.